हा फोन नक्की कुठल्या सालचा?

शनिवारची सकाळ आहे. दुसरा चहा झालाय, कपडे मशीनमध्ये फिरताहेत, ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम वरच्या मजल्यावर ठेवून आलोय. तेव्हा आज थोडं पाल्हाळ लावायला हरकत नाही.

विषय जुन्या टेलिफोनचा आहे. कँडलस्टिक फोन म्हणतात त्याला. नाव ऐकलं नसेल तरी पाहिला नक्की असेल. जुन्या कृष्णधवल हॉलिवूड सिनेमात पत्रकार एका हातात दांडा धरून त्याच्या टोकावरच्या भोंग्यात ओरडत असतो आणि दुसऱ्या हाताने एक घंटेच्या आकाराची वस्तू कानाला लावलेली असते, तोच हा. दिसायला थेट आपल्या समईसारखा. खाली जड गोल बैठक, मधे दांडा, आणि वाती असतात तिथे ट्रान्समीटर. कानाला लावायचा रिसीव्हर बाजूच्या हुकावर लटकतो.

मी राहतो ते गाव न्यू जर्सीतलं एडिसन. याच गावच्या मेन्लो पार्क भागात थॉमस एडिसनने १८७७ च्या सुमारास कार्बनच्या ट्रान्समीटरवर काम केलं. त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात असले फोन दिसले की हात आपोआप खिशाकडे जातो. (बायकोचं मत वेगळं आहे. घरात चार फोन, एकही लागत नाही, असं ती पाहुण्यांना सांगते.)

पण आजचा मुद्दा संग्रहाचा नाही. हे फोन विकणारे, घेणारे, दुरुस्त करणारे सगळे एकच प्रश्न विचारतात: हा कुठल्या सालचा? माझं मत असं झालंय की हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि त्याचं एका आकड्यात उत्तर देण्याच्या हट्टापायी आपण खरी माहिती स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. मी पुसलीय, म्हणून सांगतोय.

माझा पहिला फोन आठ वर्षांपूर्वी घेतला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेल सिस्टिमच्या स्वतःच्या कारखान्याचा. गळ्यात चिठ्ठी होती, '१९०४'. काळा रंग ठिकठिकाणी उडालेला आणि खालून पितळ डोकावत होतं. बैठकीवरच्या डायलचा पांढरा इनॅमल कोपऱ्यात टवका उडून गेलेला. मी काय केलं असेल? रंग काढायचं रसायन आणून सगळा काळा रंग खरवडला, मग आईकडून शिकलो होतो तसं चिंच आणि मीठ लावून घासला. लख्ख! टवका उडालेली डायल काढून टाकली आणि ऑनलाइन एक चकाचक डायल मिळाली ती बसवली. जुन्या डायलच्या मधोमध कागदाचं एक पिवळं पडलेलं कार्ड होतं, ते कचऱ्यात गेलं. दिवाळीला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होतो, एकशे दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे!

पहिली ठेच लागली ती इथेच. १९०४ साली बेल कंपनीच्या ग्राहकाकडे डायल असण्याचं कारणच नव्हतं.

डायल होती, पण बेलकडे नव्हती. आपोआप जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजची कल्पना आल्मन स्ट्राउजर या कॅन्सस सिटीतल्या गृहस्थाची. धंदा अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेचा. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असं सांगतात. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं, १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात एक्स्चेंज सुरू झालं. बोटाने फिरवायची चकती त्याच्या मंडळींनी १८९६ मध्ये आणली. पण बेलने अनेक वर्षं ऑपरेटरवरच भर दिला. बेल सिस्टिमचं पहिलं मोठं डायल एक्स्चेंज व्हर्जिनियातल्या नॉरफकमध्ये नोव्हेंबर १९१९ मध्ये लागलं. म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या समईवर वेस्टर्न इलेक्ट्रिकचीच डायल दिसली, की ती जोडी साधारण त्यानंतरची. मग चिठ्ठीवर १९०४ आलं कुठून?

पेटंटच्या शिक्क्यावरून. या फोनच्या धातूवर बारीक अक्षरांत पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात. त्यातली एक हमखास सापडते, १६ ऑगस्ट १९०४. ठळक असते, पहिली असते, विकणाऱ्याला सोयीची असते. झालं, फोन १९०४ चा!

आता तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी काय म्हणणार ते कळलं असेल. कुठल्याही सोर्स फाइलच्या डोक्यावर 'कॉपीराइट १९९८' लिहिलेलं असतं म्हणून ते सॉफ्टवेअर १९९८ चं होतं का? ती ओळ पंचवीस वर्षं कोणी बदललेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. पेटंटची तारीख सांगते की ही वस्तू 'याच्या आधीची नाही'. कधीची आहे, ते सांगत नाही. आणि तारखा पाच असतील तर उपयोगाची सगळ्यात शेवटची. तीच नेमकी घाणीखाली दबलेली असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बेलचा फोन ग्राहकाचा नसायचा. फोन कंपनीचा, ग्राहकाने महिन्याचं भाडं भरायचं. १९८४ साली बेल सिस्टिम मोडली, त्याच्या अगदी थोडं आधीपर्यंत हीच पद्धत होती. घर सोडलं की फोन परत. परत आलेला फोन कारखान्यात किंवा दुरुस्तीच्या शॉपमध्ये सुटा व्हायचा. बैठका एका खोक्यात, रिसीव्हर दुसऱ्या, ट्रान्समीटर तिसऱ्या. तपासून, रंगवून, हाताला येईल तो भाग जोडून फोन पुन्हा बाहेर. ऑपरेटरच्या काळातल्या स्टँडचे भाग डायलवाल्या फोनमध्ये गेले. म्हणजे १९१५ चा दांडा, १९२२ ची डायल आणि १९२७ चा रिसीव्हर असा फोन कोणा भामट्या व्यापाऱ्याने जुळवलेला असेलच असं नाही. तो तसाच घरोघरी वापरात होता.

थोडक्यात काय, फोनला एक जन्मतारीख नसते. प्रत्येक भागाला वेगळी असते. पेशवाईतल्या कित्येक पत्रांवर तिथी असते आणि साल नसतं, मग इतिहासकार आतल्या मजकुरावरून साल काढतात. इथेही मजकूर आतच असतो, फक्त वाचता आला पाहिजे.

हे सगळं मला कळलं तोवर माझा फोन चिंचेने घासून कोरा झाला होता. मजकूर मीच पुसला होता.

मग गेल्या वर्षी शेजारच्या आजी आल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, काठी टेकत स्वतः चालत येतात. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला कँडलस्टिक फोन. म्हणाल्या, "तुला यातलं कळतं म्हणे. हा माझ्या आजोबांनी १९०४ मध्ये विकत घेतला होता. नातीच्या लग्नात तिला द्यायचाय. सोबत पितळी पट्टी करून घेणार आहे, नाव आणि साल घालून. जरा बघ, आणि जमलं तर चमकवून दे."

आजोबांचा १९०४ चा फोन. त्यावर डायल. मला घाम फुटला.

मी चमकवायला नम्रपणे नकार दिला आणि दोन दिवस मागून घेतले. तुम्हालाही कधी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून काय काय पाहिलं ते क्रमाने सांगतो.

आधी शिक्का. ओल्या सुती कापडाने फक्त धूळ पुसली. १६ ऑगस्ट १९०४ लगेच दिसली. खाली अजून ओळी होत्या. शेवटच्या ओळीत '१ जानेवारी १९१' आणि पुढचा अंक झिजलेला, ३ किंवा ८. पाच वर्षांचा फरक! इथे एक गंमत कामाला आली. अमेरिकेत पेटंट नेहमी मंगळवारीच जाहीर होतात, त्या काळीही आणि आजही. १ जानेवारी १९१३ ला बुधवार होता. १ जानेवारी १९१८ ला मंगळवार. म्हणजे ८. (दोन ओळींचा प्रोग्राम लिहून त्या दशकातली सगळी वर्षं तपासली. १ जानेवारी मंगळवारी येणारं दुसरं वर्ष त्या दशकात नाही. सवय, दुसरं काय.) तेव्हा तो भाग १९१८ च्या आधीचा नाही.

मग रिसीव्हर. जुन्या रिसीव्हरच्या वायरी बाहेरच्या दोन स्क्रूंना जोडलेल्या असतात, नंतरच्या काळात जोडणी आत गेली. याची आत होती. कवच एबोनाइटचं की बेकेलाइटचं हे बघायला अंगठ्याने जोरात चोळायचं आणि वास घ्यायचा. शाळेत लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायची एबोनाइटची कांडी आठवते? तेच हे कडक रबर. त्यात गंधक असतं, आणि चोळलं की वास येतो. उजेडात राहिलं की त्याचा काळा रंग तपकिरी पडतो. आजींच्या रिसीव्हरला एका बाजूने तपकिरी छटा होती, दुसऱ्या बाजूने नाही. म्हणजे बराच काळ खिडकीजवळ, एकाच बाजूने उजेड घेत लटकलेला. हे कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडणार?

मग डायल. छिद्रं दहा. (स्ट्राउजरवाल्यांच्या सुरुवातीच्या डायलला अकरा असायची. अकरा दिसली तर मला आधी फोन करा!) इनॅमलच्या पट्टीवर आकड्यांबरोबर अक्षरंही होती, दोनावर ए-बी-सी, तिनावर डी-ई-एफ, क्यू गायब, आणि झेड शून्यावर ऑपरेटरच्या सोबतीला. ही मांडणी ए. टी. अँड टी. च्या डब्ल्यू. जी. ब्लॉव्हेल्टने १९१७ मध्ये सुचवली. तुमच्या मोबाइलच्या कीपॅडवरची अक्षरं त्याच मांडणीची वंशज आहेत. अक्षरांची पट्टी मोठ्या शहरांसाठी असायची, कारण तिथे एक्स्चेंजच्या नावाची पहिली अक्षरं फिरवावी लागत. लहान गावांना नुसते आकडे पुरत. म्हणजे फोन शहरातला. आजींचं माहेर मॅनहॅटनमधलं. तिथलं पहिलं डायल एक्स्चेंज, पेनसिल्व्हेनिया नावाचं, १४ ऑक्टोबर १९२२ ला सुरू झालं. तेव्हा तिथे ही डायल त्याच्या आधी फिरलेली असणं शक्य नाही.

आणि शेवटी ते कार्ड. डायलच्या मधोमध गोल काचेखाली स्वतःचा नंबर लिहिलेला असतो. माझ्या फोनचं मी फेकलं होतं. इथे रिंग हलक्या हाताने सोडवली, आणि खाली एकावर एक दोन कार्डं निघाली.

वरच्या कार्डावर एक्स्चेंजच्या नावाची पहिली दोन अक्षरं मोठी, मग एक आकडा, मग चार आकडे. खालच्यावर तेच एक्स्चेंज, पण पहिली तीन अक्षरं मोठी आणि पुढे फक्त चार आकडे. न्यूयॉर्कने डिसेंबर १९३० मध्ये तीन अक्षरांवरून दोन अक्षरांवर उडी मारली. उदाहरण म्हणून पेनसिल्व्हेनियाच घ्या. आधी पी-ई-एन फिरवायचं, नंतर पी-ई-सहा. पण डायलवर एन हे अक्षर सहाच्याच छिद्रात आहे! बोट त्याच छिद्रात जायचं, यंत्राला तेच सात-तीन-सहा पोचायचं. बदललं ते फक्त कागदावर. आणि म्हणूनच कागद महत्त्वाचा. यंत्राला जो बदल कळलाही नाही, तो या दोन कपट्यांनी जपून ठेवला होता.

म्हणजे हिशोब असा. दांडा १९१८ नंतरचा. डायल वापरात आली ती १९२२ च्या ऑक्टोबरनंतर आणि १९३० च्या डिसेंबरच्या आधी. त्यानंतरही फोन तिथेच चालू होता, आणि ते नवलाचं आहे, कारण कानातोंडाला एकदम लागणारे हँडसेट बेलने १९२७ पासूनच द्यायला सुरुवात केली होती.

आता आजींना सांगायचं कसं? दोन दिवसांचे चार केले मी. १९०४ म्हणून टाकावं, लग्नाच्या मांडवात कोण तपासणार आहे, असंही वाटून गेलं. शेवटी गेलो आणि क्रमाने सगळं दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आजोबांनी विकत घेतला नव्हता?" मी म्हटलं, विकत मिळतच नव्हता, कंपनीचा असायचा. त्या गप्प बसल्या. मग खालच्या कार्डाकडे बघत राहिल्या, काठी टेकत आत गेल्या आणि एक जुनं बिलबुक घेऊन आल्या. आजोबांचं शिंप्याचं दुकान होतं. बिलाच्या डोक्यावर तोच नंबर, तीन अक्षरं आणि चार आकडे.

फोन घरचा नव्हताच. दुकानाचा होता. खिडकीजवळचा.

"मग आमच्याकडे राहिला कसा?" त्यांनीच विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत हसायला लागल्या. "आजोबांनी जन्मात कोणाला काही परत केलं नाही," म्हणाल्या.

आता विचार करा. मी तो फोन त्यांच्या सांगण्याप्रमाणे 'चमकवून' दिला असता तर? किंवा १९०४ च्या कॅटलॉगबरहुकूम करायचा म्हणून डायल काढून साधी बैठक बसवली असती तर? ते एकदम 'बरोबर' दिसलं असतं. पट्टीवर १९०४ आलं असतं. शिंप्याचं दुकान मात्र कायमचं गेलं असतं.

माझा वाद आहे तो या 'बरोबर'शी. या छंदात निष्णात असलेले पुष्कळ लोक आहेत, माझ्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळतं. त्यांचं म्हणणं असं, की फोन कारखान्यातून जसा निघाला तसा करावा, विजोड भाग काढून त्या काळातले बसवावेत. हेतू वाईट नाही. पण बेलचा फोन कारखान्यातून एकदा निघून तसाच राहिला असं क्वचितच व्हायचं. तो जात होता, येत होता, उघडला जात होता. विजोड भाग म्हणजे त्याचा इतिहास, बग नव्हे. कॅटलॉगमधल्या चित्रासारखा फोन हवा असेल तर कॅटलॉगच घ्यावा. भिंतीवर जागाही कमी लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गेल्या पन्नास वर्षांत व्यापाऱ्यांनीही भाग जुळवलेत. मग कुठला विजोडपणा इतिहास आणि कुठला भेसळ? खरं आहे, नेहमी सांगता येत नाही. पण पुष्कळदा येतं. स्क्रूभोवतीची घाण अखंड आहे का, रंग दोन्ही भागांवर सारखा उतरलाय का, जुन्या भागात नवी प्लास्टिकची वायर कुठून आली, यावरून अंदाज बांधता येतो. तो बांधायला आधी घाण, रंग आणि वायर जागेवर असावी लागते! नक्कल ओळखायलाही पुरावाच लागतो. आपल्याकडे जुन्या बाजारात 'अँटिक' म्हणून जे नवेकोरे पितळी फोन मिळतात ते यामुळेच पकडले जातात. माझ्या साडूंनी मुंबईहून एक आणला होता. डायल दिसायला गोल, पण छिद्रांत बटणं, आणि घंटा बैठकीच्या पोटात. अस्सल बेलच्या समईत घंटा नसते, ती भिंतीवरच्या वेगळ्या पेटीत असते. साडूंना सांगितलं नाही. नात्यात काही पुरावे झाकलेले बरे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. साल विचारलं तर एक आकडा देऊ नका. 'याच्या आधीचा नाही, याच्या नंतरचा नाही, आणि हे कशावरून' अशी तीन उत्तरं द्या. चमकवू नका. एखादा भाग बदलावाच लागला तर काढलेला भाग पिशवीत घाला, तारीख लिहा, आणि फोनच्या सोबत ठेवा. आपण कोडमधली ओळ बदलली तर का बदलली ते लिहून ठेवतो ना? शंभर वर्षं जुन्या वस्तूला निदान तेवढा मान द्यावा.

नातीचं लग्न सप्टेंबरात झालं. पितळी पट्टी आजींनी रद्द केली, त्याऐवजी माझ्याकडून एक साधं कार्ड लिहून घेतलं. त्यावर चार ओळी आहेत. दांडा कधीच्या आधीचा नाही, डायल कोणत्या दोन सालांच्या मधली, नंबर कुठल्या दुकानाचा. चौथी ओळ त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात घातली: 'परत करायचा राहिला.'

माझ्या फोनच्या गळ्यातली १९०४ ची चिठ्ठी मीही काढली. तिथे आता लिहिलंय: रंग, डायल आणि कार्ड मालकाने घालवलं. ती तारीख मात्र मला पक्की ठाऊक आहे. आठ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीचा रविवार.